माती पाहून जा म्हणा

वऱ्हाडात चिखलीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी जवळजवळ वर्षभर खोटं बोलले, आणि त्याबद्दल दोन देशांनी माझे आभार मानले. खोटं बोलायचं असं ठरवून मी तिथे गेले नव्हते. मी गेले होते दुभाषी म्हणून.

कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले होते. रोज सकाळी शब्दकोडं सोडवायचं, दुपारी त्याच शब्दकोड्यावर डोकं ठेवून झोपायचं, असं चाललेलं. एके दिवशी माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. बारावीला इंग्रजीत काठावर सुटलेला. निबंधात गाईबद्दल लिहायला सांगितलं की तिच्या दुधाचा भाव लिहायचा. आता त्याचा स्वतःचा कारखाना होता, शेतीची अवजारं बनवण्याचा. मुख्य माल म्हणजे टोकण यंत्र. लांब दांडा, पुढे एक चाक, चाकाला सगळीकडून पक्ष्यांसारख्या चोची. वावरात ढकलत न्यायचं. एकेक चोच जमिनीत घुसते, उघडते आणि बी सोडते. वाकून टोकणी करणाऱ्या बायांच्या कमरा त्या चाकाने वाचवल्या.

"मॅडम, हॉलंडवाले आले आपल्याकडं," तो म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. "कुठे आहेत?"

"ईमेलवर."

प्रकरण असं होतं. दोन सरकारांनी मिळून एक योजना काढली होती. तिकडची एक लहान कंपनी आणि इकडची एक लहान कंपनी, दोघांनी मिळून काहीतरी नवीन घडवायचं. तिकडची कंपनी भाजीपाल्याच्या पेरणीची यंत्रं करायची. त्यांना टोकण यंत्रासाठी हलकं प्लास्टिकचं चाक करायचं होतं आणि त्यात एक सेन्सर बसवायचा होता. एखादं छिद्र बियाण्यावाचून रिकामं गेलं की तो शिट्टी मारणार. आमच्या बाजूने कारखाना आणि जमिनीचा अनुभव. पत्रात 'सहनिर्मिती' अशा अर्थाचा एक शब्द चार वेळा आला होता.

"म्हणजे ते देतील का आपण द्यायचं?" त्याने विचारलं.

"दोघांनी मिळून करायचं."

"हाव, पण मालक कोण?"

"कोणीच नाही, असं लिहिलंय."

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मंग भांडण होते, मॅडम." आणि त्याने होकार कळवायला सांगितला.

पहिली बैठक पडद्यावर झाली. तिकडे पाच जण एका रांगेत बसलेले, प्रत्येकाच्या पुढे वही. इकडे खुर्चीवर माझा विद्यार्थी, म्हणजे मालक, शेजारी मी, आणि आमच्या मागे उभे मिस्त्री. त्यांना सगळे चाचा म्हणत. साठी ओलांडलेले, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचे. चाचांनी लेथ, वेल्डिंग, साचे, सगळं हातानेच शिकून घेतलं होतं. मालकाला हातात गॅस-कटर कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलं, पण मालकासमोर ते बसत नसत. पलीकडच्या बाईने, म्हणजे त्यांच्या मुख्य इंजिनिअरने, विचारलं, "ते गृहस्थ उभे का आहेत? खुर्ची कमी आहे का?" मी म्हटलं, त्यांना पाठीचा त्रास आहे. माझं पहिलं खोटं ते. अगदी निरागस होतं.

बैठकीत त्यांचे साहेब काहीतरी समजावून सांगत होते. मध्येच त्यांच्याकडची सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "हे तुमचं चुकतंय." साहेबांनी मान हलवली आणि कागदावर खोडाखोड केली.

मालक माझ्या कानाशी आला. "मॅडम, तिले कामावरून काढलं का?"

"नाही. तो म्हणतोय, तुझं बरोबर आहे."

"बाप्पा!" मालक म्हणाला आणि खुर्चीत जरा मागे सरकला, जणू ती मुलगी पडद्यातून बाहेर येईल.

मग त्यांनी नव्या चाकाचा नकाशा दाखवला. सुबक पांढरं चाक, त्यावर बारीक बारीक खाचा, चोचींची तोंडं सुईसारखी. इंजिनिअरबाईंनी विचारलं, "यात तुम्हाला काही अडचण दिसते का?"

मालक म्हणाला, "काई नाई. एकदम बढिया."

चाचा नकाशाकडे खूप वेळ पाहत राहिले. अंगठ्याच्या नखाने टेबलाची कड खरवडत होते. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, त्याईले म्हणा, एक डाव माती पाहून जा."

मी इंग्रजीत सांगितलं, "आमचे ज्येष्ठ कारागीर तुम्हाला आमची भूमी पाहायला येण्याचं मनापासून आमंत्रण देत आहेत."

पाचही चेहरे उजळले. इंजिनिअरबाईंनी छातीवर हात ठेवला. "त्यांना सांगा, मी नक्की येईन."

"येते म्हणाली," मी चाचांना सांगितलं.

"मंग ठीक हाये," चाचा म्हणाले.

दोन्ही बाजू समाधानाने उठल्या. माझंही भाषांतर फार छान झालं, असं मला वाटलं.

त्यानंतर दर मंगळवारी दुपारी दीड वाजता बैठक. तिकडच्या लोकांचं घड्याळ म्हणजे देव. दीड म्हणजे दीड. आमच्याकडे मंगळवार हा एक विचार असतो. मालक कधी जालन्याला पोलाद आणायला, कधी कोणाच्या साखरपुड्याला, कधी नुसताच चौकात. इंजिनिअरबाई विचारायच्या, "चाकाची पोलादी कडी तयार आहे का?" मालक म्हणायचा, "होऊन जाईल." आता 'होऊन जाईल' याचं इंग्रजी काय करायचं? त्यात कर्ता नाही, दिवस नाही, वचन तर नाहीच; फक्त सृष्टीवर विश्वास आहे. मी भाषांतर करायचे, "पुढच्या आठवड्यात." बाई वहीत लिहून घ्यायच्या. कडीचं पोलाद तेव्हा जालन्याहून निघालेलंसुद्धा नसायचं.

उलट बाजूनेही तेच. बाईंनी फोटो पाहून कळवलं, "हे वेल्डिंग वाईट आहे." इतकंच. मागे पुढे काही नाही. असं वाक्य मी आमच्या शेडमध्ये कसं सोडणार? तिथे चाचा उभे होते, ज्यांच्या वेल्डिंगसाठी मेहकरपासून लोक ट्रॉल्या घेऊन यायचे. मी मालकाला सांगितलं, "वेल्डिंग चांगलंच आहे, आणखी थोडं सफाईदार झालं तर तिला आनंद होईल."

मालकाने तिथूनच ओरडून सांगितलं, "चाचा, वेल्डिंग आवडलं त्याईले!"

अर्थात चाचांनी पुढच्या खेपेला अगदी तसंच वेल्डिंग केलं. बाईंनी पुन्हा कळवलं, वाईट आहे. मी पुन्हा साखर पेरली. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "तीनदा सांगूनही तेच होतंय. यामागे काही कारण आहे का?" मी भाषांतर केलं, "या वेल्डिंगमागचं तंत्र जाणून घ्यायची त्यांना उत्सुकता आहे." चाचांनी खुशीने दाढीवरून हात फिरवला आणि अर्धा तास तंत्र सांगितलं. त्याचं मी काय भाषांतर केलं, ते आता आठवत नाही. आठवत नाही हेच बरं.

खरं सांगायचं तर मला हे सगळं आवडायला लागलं होतं. वर्गात माझं इंग्रजी फळ्यावरून पुसलं जायचं. इथे दोन देश माझ्या जिभेवरून ये-जा करत होते. कोणाचं मन दुखत नव्हतं. भांडण होईल असं मालक म्हणाला होता, ते होत नव्हतं. घरी मी लेकीला फोनवर सांगायचे, "अगं, संस्कृती म्हणजे काय, तर समोरच्याला झेपेल तेवढंच सांगणं." ती म्हणायची, "आई, तू आमच्या ऑफिसात लाग. तिथे सगळे हेच करतात."

यंत्र तयार झालं आणि हरभऱ्याच्या पेरणीच्या दिवसांत बाई आल्या. संभाजीनगरला विमानातून उतरून गाडीने चिखलीला. उंच, केस अगदी बारीक कापलेले, पायात चामड्याचे जाड बूट. मला पहिल्या मिनिटापासून त्यांनी नावाने हाक मारली. माझ्या नवऱ्याने चारचौघांत कधी मारली नव्हती, त्यामुळे मी दोनदा ओ दिलीच नाही.

मालकाने शाल, नारळ आणि शेडच्या दारावर एक भलाथोरला फ्लेक्स, अशी तयारी केली होती. फ्लेक्सवर बाईंचा फोटो, मालकाचा फोटो आणि मध्ये दोन देशांचे झेंडे. बाईंनी फ्लेक्स खालपासून वरपर्यंत पाहिला आणि विचारलं, "हे प्लास्टिक नंतर कुठे जातं?"

"काय म्हणते, मॅडम?" मालक उत्सुकतेने माझ्याकडे बघत होता.

"फ्लेक्स फार आवडला म्हणते."

संध्याकाळपर्यंत गावात आणखी दोन लागले.

दुसऱ्या दिवशी उंद्रीला मालकाच्या मामाच्या वावरात यंत्र चालवायचं होतं. इथे माझी आणखी एक चूक आधीच होऊन बसली होती. बाईंनी पत्रात लिहिलं होतं 'चाचणी'. त्यांच्या मनात होतं, तीन दिवस, चार माणसं, एक वही. मालकाच्या मनात होतं प्रात्यक्षिक. मी दोघांना एकच शब्द दिला होता. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, मांडव होता, लाल खुर्च्या होत्या, माईक होता, पोह्यांची कढई चढलेली होती आणि पंचक्रोशीतले शे-दीडशे शेतकरी आले होते.

"हे लोक कोण?" बाईंनी विचारलं.

"निरीक्षक," मी म्हटलं.

"इतके?" त्या प्रभावित झालेल्या दिसल्या.

परतीचा पाऊस चार दिवसांपूर्वीच होऊन गेला होता. काळी माती वरून सुकल्यासारखी दिसत होती, पण बूट ठेवला की ओल वर यायची. मालकाने नारळ फोडला. पहिल्या तीन तासांना, म्हणजे वावराच्या तीन फेऱ्यांना, यंत्र झकास चाललं. मालकाने माईकवरून सांगितलं की हे युरोपचं डोकं आणि वऱ्हाडाचे हात आहेत. टाळ्या झाल्या. चौथ्या तासाला चाकाच्या खाचांमध्ये माती बसायला लागली. काळी माती एकदा धरायला लागली की सोडत नाही. खाचा भरल्या, मग खाचांवर थर, थरावर थर. सुईसारख्या चोची बुजल्या. बी पडेना, तशी सेन्सरने शिट्टी मारायला सुरुवात केली, आणि मग ती थांबेचना. पाचव्या तासाच्या मध्यावर यंत्र ढकलणारा माणूस घामाघूम होऊन थांबला. पांढरं चाक दिसतच नव्हतं. मातीचा एक मोठा लाडू शिट्टी मारत वावरात उभा होता.

मागून कोणीतरी म्हणालं, "काऊन बे, हे बी पेरून राह्यलं का माती वेचून राह्यलं?"

सगळा मांडव हसला. मालकाचा चेहरा पाहवेना. आणि त्याच वेळी इंजिनिअरबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या, ती माती बोटांनी काढून पाहायला लागल्या, फोटो घ्यायला लागल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "उत्तम! फारच उत्तम!"

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते ते बाई?"

कधी नव्हे ते मला काही सुचलं नाही. मी खरं सांगितलं. "उत्तम झालं म्हणते."

हशा आणखी वाढला. मालक माझ्याजवळ आला. डोळे लाल. "मॅडम, ते माही मजाक उडवून राह्यली का?"

"नाही रे. त्यांच्याकडे बिघाड सापडला की आनंद होतो. लवकर सापडला की जास्त."

"मंग तिच्या गावात पाडायचा होता ना," तो म्हणाला आणि जाऊन गाडीत काचा वर करून बसला. पोहे मात्र सगळे संपले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आम्ही चौघंच. बाई, मालक, चाचा आणि मी. मधोमध ते चाक, माती वाळून भेगाळलेली. बाईंनी वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "असं होईल, हे कोणाला आधी माहीत होतं का?"

मी तसंच विचारलं. मालक जमिनीकडे पाहत राहिला. चाचा कोपऱ्यात गेले. तिथे पोत्यांचा ढीग होता. पोती बाजूला करून त्यांनी एक चाक बाहेर काढलं. तेच चाक, पण लोखंडाचं, कडा गुळगुळीत, एकही खाच नाही. चोचींची तोंडं रुंद केलेली. आणि दोन्ही अंगांना जुन्या जीपच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्याचे वाकवलेले तुकडे, असे बसवलेले की चाक फिरताना ते माती खरवडून टाकतील.

"हे कधी केलं?" बाईंनी विचारलं.

"आठ महिने झाले," चाचा म्हणाले.

"त्यांना माहीत होतं, तर ते बोलले का नाहीत?"

मी विचारलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, खरोखरच्या आश्चर्याने. "बोललो ना, बाई. पहिल्याच दिवशी बोललो. तुमच्याच तोंडानं बोललो."

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग कळलं.

माती पाहून जा म्हणा.

आमच्याकडे जुना कारागीर नकाशा समोर असताना 'माती पाहून जा' म्हणतो, ते चहाला बोलावणं नसतं. मुलीकडच्या एखाद्या जाणत्याने सोयरीक ठरताना 'एक डाव घर पाहून घ्या' म्हणावं, तसं ते असतं. याचा अर्थ : थांबा. हे जमणार नाही. तुम्ही मोठे आहात, मी तोंडावर कसं सांगू; तुमच्याच डोळ्यांनी पाहा. मी इथेच जन्मले, इथेच वाढले. पुण्यात शिकताना माझ्या 'मले-तुले'ला मुली हसायच्या म्हणून मी ते पुसून काढलं, पण समजत तर होतं. आणि तरी त्या दिवशी मला ते ऐकू आलं नव्हतं. मी इंग्रजीच्या घाईत होते. वाक्य कानात पडण्याआधीच त्याला इस्त्री करत होते.

तिघंही माझ्याकडे पाहत होते. आणखी एक खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. ते बरंच चांगलं होतं. सगळं निभावलं असतं. पण चाचांनी ते चाक अजून हातातच धरलं होतं, खाली ठेवलं नव्हतं.

मी बाईंना सांगून टाकलं. मातीचं, मंगळवारांचं, पाठीच्या दुखण्याचं, वेल्डिंगचं. वेळ लागला. त्या लिहून घेत होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "फ्लेक्ससुद्धा?"

"हो."

वही मिटून त्या म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी या लोकांबरोबर काम केलं नाही. तुमच्याबरोबर केलं." रागावल्या नव्हत्या. त्यांच्याकडे खरं बोलायला राग लागत नाही, हेच तर भयंकर असतं.

मग मी तेच सगळं मालकाला आणि चाचांना सांगितलं.

"म्हणजे वेल्डिंग खराबच होतं?" मालक म्हणाला.

"हो."

"तीनई डाव?"

"हो रे बाबा."

मालक हसायला लागला, कालपासून पहिल्यांदाच. चाचा हसले नाहीत. ते उजेडात गेले, यंत्राचा सांधा डोळ्यांजवळ धरून उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "हाव. पातळ पत्र्यावर आच जास्त झाली. बराबर हाये तिचं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले कोणी सांगतलंच नाई."

ते वाक्य मला त्या बाईंच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. मी त्यांचा मान राखत होते, असं समजत होते. चाळीस वर्षं लोखंडाशी काम केलेल्या माणसाला त्याची चूक न कळू देणं, याला मान म्हणत होते.

मी म्हटलं, उद्यापासून मी येत नाही. बाई म्हणाल्या, "या. पण जे बोललं जाईल तेच सांगा."

दुसऱ्या दिवशी मी शब्दाला शब्द भाषांतर केलं आणि दुपारपर्यंत दोन देशांचं भांडण झालं. बाईंनी विचारलं, "'होऊन जाईल' म्हणता, तेव्हा ते कोण करणार असतं?" मी जसंच्या तसं सांगितलं. मालक उसळला. "तिले म्हणा, तुमच्या देशात लग्न-मयत होत नाई काय?"

मी तेही सांगितलं.

"होतात," बाई म्हणाल्या. "पण आम्ही आधी कळवतो."

"मयत बी?"

बाईंनी त्यावर गंभीरपणे विचार केला. "मयत सोडून."

मालकाने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि स्वतःच चहा सांगायला उठला. परत आल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याने पुढच्या तीन महिन्यांतल्या लग्नांच्या तारखांवर पेनाने गोल केले आणि बाईंना दाखवले. त्यांनी वहीत उतरवून घेतले. सतरा लग्नं होती. 'होऊन जाईल' त्यानंतरही तो म्हणतच राहिला, पण बाई लगेच विचारायच्या, "लग्नाआधी की लग्नानंतर?" आणि तो सांगायचा.

इकडे चाचांनी वावरातून आणलेली माती पाणी घालून कणकेसारखी मळली होती आणि फरशीवर तिचा एक पट्टा थापला होता. त्यावरून ते चाक फिरवून दाखवत होते. बाई शेजारी उकिडव्या बसल्या. चाचांनी खडूने फरशीवर पाट्याचा कोन काढला. बाईंनी तो पुसून जरा वेगळा काढला. चाचांनी मान हलवून त्यातला अर्धा पुसला. "देखो," ते म्हणायचे. त्या आपल्या भाषेत काहीतरी म्हणायच्या, बहुधा तेच. मी उठून जवळ गेले, तर चाचा म्हणाले, "बसा बाई, चहा घ्या." तीन दिवस मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा घेतला. त्या सगळ्या सहनिर्मितीतलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं ज्या तीन दिवसांत झालं, त्यात इंग्रजीचा एक शब्द कोणी वापरला नाही.

फक्त एकदा मला हाक आली. चाचांनी सेन्सरकडे बोट दाखवलं. "इचारा त्याईले, हे शिट्टी कायले पाह्यजे? चोच बुजली का दांडा जड लागते. हाताले समजते ना."

मी शब्दाला शब्द सांगितलं. बाईंनी दांडा हातात घेतला, चाक बुजवलं, ढकलून पाहिलं, मोकळं केलं, पुन्हा ढकललं. बराच वेळ. मग सेन्सरचे दोन स्क्रू काढले आणि तो खिशात टाकला.

अशा रीतीने ज्या वस्तूसाठी दोन सरकारांनी ही योजना मंजूर केली होती, ती वस्तूच यंत्रातून गेली. उरलं काय, तर जुन्या जीपच्या कमानीचे दोन तुकडे. अंतिम अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक रकाना होता : 'नवकल्पनेचा उगम'. मालक म्हणाला, "लिहा मॅडम, दोन्ही देशांच्या तज्ज्ञांची सखोल चर्चा." बाईंनी कळवलं, "लिहा, पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आम्हाला ऐकू आलं नाही." मी दोन्ही लिहिलं, एकाखाली एक. योजनेच्या कचेरीतून उत्तर आलं. सेन्सरबद्दल एक शब्द नाही. पण दोन्ही भागीदारांमधल्या 'परिणामकारक संवादा'चं कौतुक होतं आणि त्या विषयावर मी ऑनलाइन व्याख्यान द्यावं अशी विनंती होती.

मी दिलं. जे घडलं ते सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. शेवटी सूत्रसंचालक म्हणाल्या की मॅडमची विनोदबुद्धी आणि विनम्रता वाखाणण्यासारखी आहे.

नवं यंत्र आमच्याकडे बरं चाललं. मालकाचं म्हणणं, अजून बरं चालेल. तिकडेही त्यांच्या भाजीच्या यंत्राला कमानीच्या पाट्यासारखं खरवडणं बसवायचं ठरलं, आणि त्यासाठी त्यांनी चाचांना आठ दिवस बोलावून घेतलं. मला बोलावलं नव्हतं. चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, चष्म्याला नवी काडी बसवली आणि गेले.

आल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले. चाचीने शिरखुर्मा दिला. पिवळ्या चीजचा एक मोठा गोळा ओट्यावर तसाच होता. कोणी हात लावायला तयार नव्हतं.

"कसं काय होतं तिथं?" मी विचारलं.

"माती चांगली हाये. दर्यापेक्षा खाली हाये म्हणतात, पण वाळू हाये त्याच्यात, चिकटत नाई लय." मग जरा थांबून म्हणाले, "पण बाई, तिथं सहज काई बोलता येत नाई. बोललं का लिहून घेतात."

"मग?"

"मंग दोन दिवस चुपच बसलो. तं ते इंजिनेर बाई फोन घेऊन आली. त्याच्यात बोललं का तो फोन आपल्या भाषेत सांगते. इचारलं तिनं, चाचा, चुप काऊन हाये? म्या म्हणलं, काई नाई. फोननं तिले सांगतलं, काई नाई. अन् गेली ते." चाचांनी मान हलवली. "तुम्ही असत्या, तं काईतरी सांगतलं असतं."

मी विचारलं, "पण होतं काय तुम्हाला?"

"काई नाई," ते म्हणाले.

मी खुर्ची जरा पुढे ओढली. "चाचा, काय होतं?"

त्यांनी आत चाचीकडे पाहिलं आणि आवाज कमी केला. "दुपारच्याले थंडा पाव खाऊन पोट दुखे, बाई. गरम काईच नाई. रोज पाव अन् ते पिवळं. पाहुण्याच्या घरी जाऊन कसं सांगाव?"

घरी येऊन मी इंजिनिअरबाईंना ईमेल लिहिला. साखर नाही, इस्त्री नाही. चाचांचं वाक्य जसं होतं तसं. दुसऱ्या सकाळी उत्तर आलं. दिलगिरी एका ओळीत होती. खाली चार प्रश्न होते, क्रमांक घालून : पोट पावाने दुखलं की चीजने, जेवणानंतर किती वेळाने, कोणत्या कोणत्या दिवशी, आणि गरम म्हणजे नेमकं किती गरम.

मी त्याची प्रिंट काढली आणि पुन्हा चाचांकडे निघाले.